आत्यांचं पांढरं

“बाळाला काहीही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “ज्यांना ते पिवळं दिसतंय ना, त्यांचे डोळे एकदा दाखवून घ्या.”

चिमी तेव्हा जेमतेम महिन्याची होती. दुपट्यात गुंडाळून मी तिला परत एकदा दवाखान्यात पळवत नेलं होतं, कारण आत्या परत एकदा म्हणाल्या होत्या, “पोर पिवळी दिसते गं.” डॉक्टरांचं ते वाक्य मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच झटकून टाकलं. लहान मुलांचे डॉक्टर, त्यांना रंगातलं काय कळणार! आणि शंका घ्यायची ती कुणावर? आत्यांच्या डोळ्यांवर? एक वेळ आमच्या घरातली सगळी घड्याळं चुकतील.

सासऱ्यांची ही बहीण. फोटो काळे-पांढरे होते तेव्हापासून हातात कुंचला. कितीतरी घरांच्या भिंतींवरच्या आजोबांच्या गालांवर त्यांनी चढवलेली लाली अजून टिकून आहे. पुढे रंगीत फिल्म आली, गेली, डार्करूमची अडगळ झाली आणि तळमजल्यावर पलंगाएवढा इंकजेट प्रिंटर येऊन बसला. एकाच पोटात बारा शाया. पण नियम तोच. आत्या “जाऊ दे” म्हणेपर्यंत कागद दाराबाहेर जात नाही. आणि त्यांच्या नियमाच्या आतला एक नियम, ज्याचा घराला फार अभिमान: आत्या मूळ चित्राकडे एकदाच बघतात. मग ते पेटीत बंद. पुढचं सगळं आठवणीवर.

हे सगळं त्या सकाळी टेबलावर पसरलेलं होतं. म्हणजे टेबलावर होता आत्यांनी आदल्या दिवशी ‘जाऊ दे’ म्हटलेला एकच छापील कागद, पण त्याच्यात हे सगळं होतं.

चित्र जुनं, जलरंगातलं. एक बाई अंगणात दोरीवर चादरी वाळत घालते आहे. पांढरी भिंत, पांढऱ्या चादरी, बाईचे नुसते हात आणि मान. उजेडाने मूळ चित्र विटत चाललं होतं, म्हणून संग्रहालयाला ते अंधारात ठेवून त्याच्या जागी हुबेहूब प्रत टांगायची होती. अकरा वाजता संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. प्रत जुळली, तर त्यांच्याकडची सगळी जलरंगाची चित्रं आमच्याकडे. नाही जुळली, तर थोरल्या भाऊजींनी प्रिंटर बघायला एक गिऱ्हाईक आधीच बोलावून ठेवलं होतं. तो विकला की तळमजला भाड्याने जाणार आणि दोन भाऊ दोन दिशांना. त्या गिऱ्हाइकाच्या बातमीपासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचे ते माझ्यामार्फत.

“त्याला विचार,” भाऊजी मला म्हणाले, “चादरींना ही नीळ कुणी घातली?”

‘तो’, म्हणजे माझा नवरा, हातभर अंतरावर उभा होता.

“दादाला सांग, फाइल त्याने बनवली. मी फक्त छापली.”

“फक्त छापली म्हणे!”

“मी कुणालाही काहीही सांगणार नाहीये,” मी म्हटलं. “तुमच्या भांडणात चिमीने शाईचा डबा पळवलाय.” आता रांगायला लागलेली चिमी रिकामा डबा ओढत टेबलाखाली शिरली होती. तिच्या तोंडातून तो काढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझा जीव तसाही फारसा थाऱ्यावर नसतो. घरातल्या कुठल्या शाईत काय असतं ते मी बाळंतपणाआधीच वाचून ठेवलं होतं.

कागद मात्र खरंच विचित्र दिसत होता. चादरी निळसर, सावल्या पिवळट, आणि मधला करडा भाग, म्हणजे भिंतीचा, कोपऱ्यात शेवाळ धरल्यासारखा हिरवा.

“काय करायचं ते करा,” थोरल्या जाऊबाई खुर्चीतून म्हणाल्या. मी त्यांना ताई म्हणते. कागदाचं कोठार त्यांच्या ताब्यात. “पण हा कागदच नको, असं मी पहिल्यापासून सांगत होते. अंगात चकाकीचं औषध घातलेला कागद आहे हा. खिडकीतल्या उन्हात निळा उजळतो.”

“आत्याने निवडलाय,” माझा नवरा म्हणाला.

आणि तिथे चर्चा संपली. आमच्याकडे चर्चा नेहमी तिथेच संपते.

*

भाऊजींच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते त्यांनी मला फार पुढे, हसत हसत सांगितलं. त्या सकाळी ते हसत नव्हते. पुढच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसून ते स्वतःवरच चिडले होते.

त्यांचं काम म्हणजे प्रत्येक कागदाचा स्वभाव ओळखणं. कागद शाई आपापल्या परीने पितो. एकावर जो निळा ठसठशीत उमटतो तोच दुसऱ्यावर धुरकट होतो. म्हणून आधी त्या कागदावर शेकडो रंगीत चौकटी छापायच्या, रंगमापक यंत्राने एकेक वाचायची आणि या कागदावर या शाया कशा वागतात त्याचं गणित संगणकाला बांधून द्यायचं. त्यालाच प्रोफाइल म्हणतात. प्रोफाइल बरोबर असलं, की पडद्यावरचा करडा कागदावर करडाच उतरतो.

उतरायला हवा. पण या घरात प्रोफाइलच्या पुढे आणखी एक पायरी होती. नवऱ्याने प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एक जास्तीची दुरुस्ती साठवून ठेवली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘आत्या’. जुना प्रिंटर पिवळट छापायचा, तेव्हा आत्यांनी उभं राहून ती करून घेतली होती. थोडा निळा जास्त, पिवळा कमी. प्रिंटर बदलला, ‘आत्या’ राहिली. मधल्या वर्षांत आत्या अधूनमधून म्हणत, “जरा निळ्याकडे घे रे,” आणि तो एक कण निळ्याकडे घेई. आई लवकर गेली, त्याला वाढवलं आत्यांनी. त्या म्हणाल्या असत्या चादरी जांभळ्या कर, तर त्याने केल्या असत्या.

भाऊजींना हे माहीत होतं. तोंडावर बोलायची सोय नव्हती. म्हणून ते गुपचूप फाइलमध्येच आधी पिवळा घालून ठेवत, पुढे निळा चढणार हे धरून. एक चूक दुसरीला खोडेल, असा त्यांचा हिशेब. पण रंग तसे वागत नाहीत. उजळ भागात निळी चूक जिंकली, सावलीत पिवळी, आणि दोघींच्या झोंबाझोंबीत मधला करडा हिरवा पडला.

“मला वाटलं मी घर सांभाळतोय,” भाऊजी मला नंतर म्हणाले. “मी शेवाळ पिकवत होतो.”

*

आत्या सकाळी राखी खोलीत बसतात. रंग पारखायची खोली. भिंती, छत, टेबल सगळं करडं, कारण भिंत रंगीत असली की तिचा रंग कागदावर सांडतो. वर दिवसाच्या उजेडासारखे दिवे. पाहुण्यांना तिथे उदास वाटतं. चिमीला ती खोली फार आवडते.

मी चिमीला घेऊन गेले, तर आत्यांनी हात पुढे केले. “ये गं, टिकोजीराव. हा नवा पिवळा झगा कुणी घेतला?”

झगा पांढरा होता. मीच सकाळी दोरीवरून काढून तिला घातला होता.

मी दारातच थांबले. डॉक्टरांचं वाक्य, इतक्या दिवसांपूर्वी पायरीवर टाकून आलेलं, माझ्यामागून चालत आल्यासारखं खोलीत आलं. मग एकेक आठवायला लागलं. पांढऱ्या बशा ‘मळकट’ म्हणून परत पाठवलेल्या. चकाकीचं औषध नसलेला कापसाचा कागद ‘जुनाट’ म्हणून नाकारलेला. चिमी.

आता हे सांगायचं कसं? आणि कुणी? थोरल्या भाऊजींनी सांगितलं असतं, तर माझा नवरा म्हणाला असता, म्हातारीला बाजूला करून प्रिंटर विकायचाय. नवऱ्याने ते जन्मात सांगितलं नसतं. राहिले मी, सगळ्यांत नवी, सगळ्यांत घाबरट.

“आत्या,” मी म्हटलं, “मला एकदा दाखवाल का? मूळ चित्र आणि छापलेलं, शेजारी शेजारी ठेवून. मला फरक कळत नाही.”

“मी मूळ चित्राकडे एकदाच बघते.”

“माझ्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. लोकांच्या चेहऱ्यावर कुठे सावली पडते, हे आयुष्यभर शोधलेली बाई.

“तुला कळत नाही म्हणून, का मला दिसत नाही म्हणून?”

मला खोटं बोलता आलं नाही. डॉक्टरांचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. झग्याचंही सांगितलं. सांगताना चिमीला इतकं घट्ट धरलं होतं, की ती कुरकुरायला लागली.

 आत्यांनी टेबलावर हात आपटून हाक मारली, “धाकट्या! ते चित्र आण. आणि थोरल्यालाही बोलव. तोंड शिवलं असेल तर हाताला धरून आण.”

*

पेटी उघडली. मूळ चित्र आणि प्रत करड्या टेबलावर एकमेकांना लागून. दोघे भाऊ दोन टोकांना, ताई दारात.

आत्यांनी एकदाच नजर फिरवली.

“अरे, हे निळं आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ही भिंत? बुरशी आली काय हिला? हे मी पास केलं?”



आत्यांनी एक कोरा कागद ओढून घेतला, तळहाताने डावा डोळा झाकला, कागदाकडे पाहिलं. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. एखाद्या नव्या मुलीला काम शिकवताना करतात, तितक्या शांतपणे.

“उजव्या डोळ्यात कुणीतरी चहा सांडलाय,” त्या म्हणाल्या. “डाव्यातही सांडलाय, पण दूध जास्त आहे.”

माझा नवरा खाली बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

“तू कशाला रडतोस? मोतीबिंदू असेल. काढता येतो. तुझ्या डोक्यातलं काढता येणार नाही.” मग त्या स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या. “म्हणजे माझ्या आठवणीतलं पांढरं मी हल्लीच्या डोळ्यांनी शोधत होते. सापडेल कसं? पण दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर माझा पिवळा चष्मा दोन्हींवर सारखाच. फरक तर दिसतो. लख्ख दिसतो.” त्या सरळ बसल्या. “एकदाच बघायचं, हा कुठल्या शहाण्याने घातलेला नियम?”

“तूच,” भाऊजी म्हणाले.

“मग मीच मोडते. धाकट्या, ते ‘आत्या’ बंद कर.”

“आत्या...”

“बंद कर म्हटलं ना! मी इथे जिवंत बसलेय, यंत्रात आणखी एक कशाला? आणि थोरल्या, तू फाइलमध्ये काय घातलंयस? उगाच नाही भिंत हिरवी होत.”

भाऊजींनी घसा साफ केला. “पिवळा. थोडा. हा निळा घालणार म्हणून, आधीच.”

“तू माझ्या पाठीमागे पिवळा घालत होतास?” माझा नवरा त्यांना म्हणाला. सरळ त्यांना. माझ्यामार्फत नाही.

“तू माझ्या पुढे जाऊन निळा घालत होतास!”

“म्हणजे एक ओततोय आणि दुसरा उपसतोय,” ताई दारातून म्हणाल्या, “आणि मी मेली कागद मोजत बसलेय.” पहिल्यांदा आत्या हसल्या. मग चिमी, कारण सगळे हसले की ती हसते. मग भावांना न हसणं अवघड झालं.

“पण कागद?” माझा नवरा म्हणाला. “हाच वापरला तर तो निळा उजळणारच. आणि कापसाचा कागद आत्याने परत पाठवायला सांगितला होता.”

ताईंनी नुसतेच हात झटकले. “परत कोण पाठवतंय! माझ्या पलंगाखाली आहे. सपाट, कोरडा, चादरीत गुंडाळून.”

“आणि त्याचं प्रोफाइल?”

“तयार आहे,” भाऊजी पुटपुटले. “आत्या दुपारी झोपायची तेव्हा...”

“नवराबायकोंनी मिळून माझ्याविरुद्ध कट केला?” आत्या म्हणाल्या.

“कट नाही हो आत्या,” ताई म्हणाल्या. “तयारी.”

मला तोवर वाटत आलं होतं, की ताईंना प्रिंटर विकला गेलेला हवाय. भाऊजींच्या बाजूने त्या इतक्या ठाम उभ्या असत. आणि ही बाई रोज रात्री त्या कागदावर झोपत होती, कधीतरी लागेल म्हणून.

*

त्यानंतर अकरापर्यंत उरलेली ती सकाळ मी कधी विसरणार नाही. घरातलं प्रत्येक माणूस एकाच वेळी एकाच दिशेने धावत होतं. हे दृश्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

कापसाच्या कागदाला बिनचमकीची, मंद काळी शाई लागते. चकचकीत कागदाची काळी त्यावर राखेसारखी दिसते. नवऱ्याने शाई बदलली, तपासणीची जाळी छापली, फिकट करड्या शाईची एक रेघ तुटलेली दिसली. शाई फवारणारी सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातलं एखादं बुजलेलं. त्याने सफाईचं चक्र लावलं आणि कान प्रिंटरला लावून उभा राहिला. जाळी पुन्हा छापली. सगळ्या रेघा अखंड. ताई कागद बोटांच्या टोकांवर तोलून, मऊ कुंचल्याने त्यावरचे धागे झटकत होत्या. एक धागा राहिला तरी तो पुढे गळून पडतो आणि शाईत पांढरा ठिपका सोडून जातो.

आधी नुसती पट्टी छापली. दोरीवरची चादर, तिचा खालचा काठ, थोडी भिंत. ती वाळू दिली, कारण ओल्या शाईचा रंग खोटं बोलतो. मग आत्यांच्या पुढ्यात, मूळ चित्राला लावून.

चादर पांढरी होती. निळी नाही, पिवळी नाही. भिंत भिंतीसारखी. भाऊजींनी श्वास सोडला.

“नाही,” आत्या म्हणाल्या.

“आता काय?”

“ही चादर वाळलीय. चित्रातली ओली आहे. काठाशी पाणी उतरलंय, म्हणून तिथे सावली जड आहे बघ. तुझी सावली हलकी पडली.”

भाऊजी वाकले. नवराही वाकला. दोघांची डोकी एकमेकांवर आदळली.

“दादा, तू रंग बसवायची कुठली पद्धत लावलीस?”

“नेहमीची. सगळे रंग थोडे थोडे सरकवून, दाटीवाटीने मावतील अशी.”

“पण या चित्रातले जवळजवळ सगळे रंग या कागदावर तसेच मावतात. मग सरकवून सावली हलकी कशाला करायची? जे मावतात ते जागच्या जागी ठेव, न मावणारे तेवढे जवळच्या जागी बसव.”

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. “हे तुला कधीपासून माहितीये?”

“तू बोलत नव्हतास तेव्हापासून. वाचायला वेळ मिळाला.”

दुसरी पट्टी आली. आत्यांनी काठाशी बोट नेलं, न टेकवता. “ओली,” एवढंच म्हणाल्या.

दारावरची घंटा वाजली तेव्हा पूर्ण चित्र प्रिंटरमधून निम्मं बाहेर आलं होतं. चित्रातल्या बाईच्या हातांपासून खालचं अजून व्हायचं होतं. ताईंनी संग्रहालयाच्या बाईंना पुढच्या खोलीत बसवलं आणि चहा इतका सावकाश केला, की चहालाही कंटाळा यावा. मी चिमीला त्यांच्या मांडीवर दिलं. एरवी मी तिला परक्या माणसाकडे देत नाही. पण चिमी कामाची आहे. तिने बाईंच्या चष्म्याची दोरी धरली ती सोडलीच नाही.

शेवटी प्रत वाळली. दोन्ही कागद राखी खोलीतल्या टेबलावर ठेवले. बाई आत आल्या, पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले, आणि चित्राचा काठ दोन बोटांनी अलगद उचलून उजेडाकडे धरला. श्वास रोखून. जुना कागद हाताळतात तसा.

 नवऱ्याने माझं मनगट दाबलं.

“बाई,” आत्या म्हणाल्या, “हातमोजे या दुसऱ्यासाठी ठेवा. तुमच्या हातात आहे ते आमचं.”

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या, मग पुन्हा हातातल्या. हातमोजे हळूच काढले आणि हसत सुटल्या. “हे मी ऑफिसात सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. मग आपल्या पिशवीतून त्यांच्या दालनातला दिवा काढला. त्या दिव्याखालीही बघायचं होतं. बघितलं. चादरी दोन्हीकडे पांढऱ्या. काठ दोन्हीकडे ओले.

“बाकीची चित्रं कधी पाठवू?” त्यांनी विचारलं. “आणि शेवटची पारख कुणाची असते तुमच्याकडे?”

नवऱ्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी उत्तर दिलं, “आत्याची.”

“आता दोन्ही कागद शेजारी ठेवून,” आत्यांनी दुरुस्ती केली. मग प्रतीकडे वळून, इतकी वर्षं म्हणत आल्या तेच, पण त्या दिवशी जरा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “जाऊ दे.”

प्रिंटर बघायला यायचं होतं त्या गिऱ्हाइकाला भाऊजींनी दारातूनच फोन केला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, कारण आत नवरा आणि ताई उरलेल्या पट्टीवर जाऊन बसलेल्या चिमीला उचलून नाचवत होते.

*

आत्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालं, मग डाव्याचं. डोळ्यावरची शेवटची पट्टी निघाली त्या दिवशी त्या घरी येऊन राखी खोलीत गेल्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आल्या. खिडकीपाशी चिमीला जमिनीवर बसवून मी तिला भरवत होते. आत्या समोर बसल्या, तिची हनुवटी वर केली आणि उजेडात तिचा चेहरा इकडून तिकडे वळवून बघत राहिल्या.

“अगं, ही पिवळी कधी नव्हतीच,” त्या म्हणाल्या. “तुला किती घाबरवलं मी.”

मग बशीकडे बघून म्हणाल्या, “आणि या बशा किती पांढऱ्या आहेत!”

एक सांगू? तुमच्याही घरात एक माणूस असेल, ज्याचा शब्द शेवटचा असतो. भाजीत मीठ किती, भिंतीला रंग कुठला, पोर बारीक झालं का नाही, सगळं ज्याच्या नजरेने ठरतं. त्याच्या डोळ्यांविषयी कुणी चकार शब्द काढत नाही, कारण ते डोळे चुकतील असं कुणाला सुचतच नाही. आज त्याला खिडकीपाशी बसवा. हातात एक कोरा कागद द्या आणि एक डोळा झाकायला सांगा. मग दुसरा. कागद दोन्ही वेळा सारखाच पांढरा दिसतो का, एवढं फक्त विचारा. आणि दोन्ही वेळा सारखाच मळकट दिसला, तरी डॉक्टरकडे न्या.